पाहुणे उतरले की आरव्हीची लाइट जाते: दोष शोधायचा कुठून?

आरव्ही, म्हणजे आत राहता येईल अशी प्रवासाची गाडी, रिकामी उभी असते तेव्हा महिनोन्‌महिने कसलीही तक्रार नसते. घराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या सॉकेटमधून केबल ओढलेली असते, बॅटरी चार्ज राहते, कधी आत डोकावलं तर दिवे लागतात. मग पाहुणे येतात, बॅगा आत जातात, आणि त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप येतो, "लाइट गेली." ब्रेकर वर केला की येते. थोड्या वेळाने पुन्हा जाते. पाहुणे परत गेले की सगळं सुरळीत. इलेक्ट्रिशियनला बोलवावं तर त्याला काही सापडत नाही, कारण तो येतो तेव्हा आत कोणी राहत नसतं.

असं दर वेळी होत असेल, तर दोष बहुधा गाडी आणि घर यांच्यामधल्या जोडणीत असतो. प्रवासात ही गाडी आरव्ही उभ्या करायच्या तळावरच्या 30 किंवा 50 अँपियरच्या विजेच्या खांबाला जोडायची, या हिशेबाने बनलेली असते. घरी तीच गाडी अडॅप्टर लावून 15 अँपियरच्या सॉकेटवर चालते. रिकाम्या गाडीला तेवढं पुरतं, राहत्या माणसांना पुरत नाही. पण "लोड जास्त झाला असेल" म्हणून विषय तिथेच सोडता येत नाही. हीच तक्रार लीकेजमुळे, म्हणजे वीज भलत्या वाटेने गळाल्यामुळे येते, बारीक केबलमुळे येते, तुटलेल्या अर्थिंगच्या जोडीनेही येते, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. त्यातला एक प्रकार तर जिवावर बेतणारा आहे.

खालची आकडेमोड 120 व्होल्टच्या, अमेरिकी बांधणीच्या गाड्यांची आहे. 230 व्होल्टच्या कॅराव्हॅनला काय बदलतं ते ओघात सांगतो.

"लाइट गेली" म्हणजे नेमकं काय गेलं?

आरव्हीत विजेच्या दोन वेगळ्या व्यवस्था असतात. सॉकेट, मायक्रोवेव्ह, एसी आणि गिझरचा विजेवरचा एलिमेंट घरच्या 120 व्होल्टवर चालतात. छताचे दिवे, पाण्याचा पंप, फर्नेसचा (गाडी उबदार ठेवणाऱ्या गॅसच्या हीटरचा) पंखा, फ्रिजचं कंट्रोल बोर्ड हे सगळं 12 व्होल्टवर, म्हणजे बॅटरीवर. दोन्हींच्या मध्ये कन्व्हर्टर बसलेला असतो. बाहेरून वीज येत असते तोवर तो 12 व्होल्टचा भार उचलतो आणि बॅटरीही भरत राहतो.

हे पाहुण्यांना माहीत नसतं, आणि त्यांनी माहीत करून घ्यावं अशी अपेक्षाही नाही. पण त्यामुळे तक्रारीची वेळ आणि बिघाडाची वेळ यांची फारकत होते. समजा ब्रेकर रात्री नऊला पडला. दिवे चालूच राहतात, पंप चालतो, नळाला पाणी येतं. फ्रिज 'ऑटो'वर असेल आणि सिलिंडर उघडा असेल तर तो गुपचूप गॅसवर जातो. फोन चार्ज होत नाही हे सकाळपर्यंत कळत नाही. फर्नेस मात्र रात्रभर बॅटरी खात राहतो. त्याच्या पंख्याला सहा-सात अँपियर लागतात. 100 अँपियर-तासांच्या साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतली निम्मीच वीज निर्धास्त वापरता येते, आणि बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. पहाटेच्या सुमारास व्होल्टेज इतकं उतरतं की पंखा फिरतो पण पुरेशा वेगाने फिरत नाही. हवेच्या झोताने दाबला जाणारा सुरक्षेचा स्विच जोडला जात नाही, म्हणून गॅस पेटत नाही. आत थंड हवा येत राहते. सकाळी तुम्हाला कळवलं जातं की "हीटर बिघडलाय." तुम्ही फर्नेस उघडून बसता, आणि खरा प्रकार आदल्या रात्री नऊला घडून गेलेला असतो.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: मायक्रोवेव्हचं घड्याळ चालू आहे का? त्यावर वेळ दिसत असेल तर 120 व्होल्ट येत आहेत आणि शोध 12 व्होल्टकडे किंवा एखाद्याच सॉकेटकडे न्यायचा. ते बंद असेल तर बाहेरची वीज आत्ता नाही. वेळेच्या जागी शून्य किंवा नुसता ठिपका लुकलुकत असेल तर मध्ये कधीतरी गेली आणि परत आली. पाहुण्यांना फोनवरून सांगता येईल अशी याहून सोपी तपासणी मला माहीत नाही.

उलटा प्रकारही असतो. ब्रेकर पडताक्षणी सगळीकडे अंधार, एकही दिवा नाही. याचा अर्थ बॅटरी मेली आहे किंवा बॅटरीचा मुख्य स्विच बंद आहे, आणि आजवर कन्व्हर्टर एकटाच गाडी ओढत होता. सतत चार्जवर उभ्या असलेल्या गाडीत लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं पाणी हळूहळू आटतं. ते वर्षानुवर्षं कोणी बघितलेलं नसतं.

पडला तो कुठला?

घराच्या पॅनेलपासून आरव्हीतल्या सॉकेटपर्यंत वीज तोडणारी पाच-सहा ठिकाणं असू शकतात: घरच्या पॅनेलमधला ब्रेकर, भिंतीवरच्या सॉकेटचा जीएफसीआय (लीकेज दिसलं की वीज तोडणारा सुरक्षा-स्विच), केबलच्या तोंडाशी लावलेला सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेज बिघडलं की वीज तोडणारा डबा), आरव्हीचा मेन ब्रेकर, आरव्हीतले छोटे ब्रेकर आणि बाथरूममधला जीएफसीआय. पाहुणे जो सापडेल तो वर करतात आणि पुरावा नाहीसा होतो. "काही वर करू नका, आधी मला फोटो पाठवा," एवढं आधीच सांगून ठेवलं तर निम्मं काम होतं. पडलेला ब्रेकर पूर्ण खाली येत नाही, मध्येच अडकतो. तो आधी पूर्ण बंद करून मग वर करावा लागतो, हेही सांगावं. नाहीतर "वर केला तरी राहत नाही" अशी नवीच तक्रार येते.

घरच्या पॅनेलमधला ब्रेकर पडला असेल तर एकूण लोड जास्त झाला. भिंतीवरचा जीएफसीआय पडला असेल तर लीकेज किंवा ओल; लोडचा त्याच्याशी संबंध नाही. सर्ज प्रोटेक्टरने तोडलं असेल तर बहुधा व्होल्टेज घसरलं होतं. चांगले प्रोटेक्टर साधारण 104 व्होल्टच्या खाली वीज तोडतात आणि व्होल्टेज सुधारलं की काही सेकंदांनी किंवा दोन-अडीच मिनिटांनी आपोआप जोडतात. त्यामुळे "आपोआप जाते, आपोआप येते" ही तक्रार ऐकली की मी केबलकडे बघतो. आरव्हीतला एकच छोटा ब्रेकर पडत असेल तर त्या एका सर्किटवर दोन जड वस्तू लागल्या आहेत. आणि एसी चालतोय पण स्वयंपाकाच्या ओट्यावरचं आणि बाहेरचं सॉकेट मेलंय, तर बाथरूममधल्या जीएफसीआयचं बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत ही सगळी सॉकेट त्या एकाच बटणामागे असतात. कोणीतरी ओल्या हाताने हेअर ड्रायर लावलेला असतो.

पडण्याची वेळसुद्धा बोलते. वस्तू लावताक्षणी ब्रेकर पडला तर शॉर्ट. दहा मिनिटांनी, अर्ध्या तासाने पडला तर ओव्हरलोड, कारण ब्रेकरमधली पट्टी तापून वाकायला वेळ घेते. 15 अँपियरचा ब्रेकर 18 अँपियर बराच वेळ सहन करतो. म्हणूनच "काल हेच सगळं चालू होतं, तेव्हा काही झालं नाही" या वाक्याला फारसा अर्थ नसतो. काल त्या दोन गोष्टी पाचच मिनिटं एकत्र चालल्या असतील.

पाहुण्यांनी काहीच लावलं नाही, तरी ब्रेकर पडतो

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पाहुणे शपथेवर सांगतात की आम्ही फक्त कॉफी केली. ते खरंच सांगत असतात.

15 अँपियरचं सॉकेट म्हणजे जास्तीत जास्त 1,800 वॅट. तासन्‌तास चालणाऱ्या लोडसाठी त्याचा 80 टक्केच हिशेब धरायचा, म्हणजे 12 अँपियर, 1,440 वॅट. आता गाडीत माणसाने हातही न लावता काय चालतं ते बघा. विजेवर असलेला, गॅसवरही चालणारा अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज साधारण 3 अँपियर घेतो. गिझरचा विजेचा एलिमेंट बहुतेक गाड्यांत 1,440 वॅटचा असतो, म्हणजे एकटाच 12 अँपियर. कन्व्हर्टर एरवी एक-दोन अँपियरवर समाधानी असतो, पण रात्रभर बॅटरी उपसली गेली असेल तर सकाळी तोच पाच ते आठ मागतो. बेरीज 16 ते 23. कॉफीचा थेंबही पडलेला नाही, आणि 15 अँपियरची मर्यादा ओलांडून झाली.

मग गाडी रिकामी असताना हे का होत नाही? गिझरमुळे. पाणी एकदा गरम झालं की थर्मोस्टॅट एलिमेंट तोडतो, आणि कोणी नळ उघडत नसेल तर तो क्वचितच जोडला जातो. पाहुण्यांपैकी एकाने अंघोळ केली की टाकीत गार पाणी भरतं. 6 गॅलनची टाकी पुन्हा तापायला पाऊण तास लागतो, 10 गॅलनची असेल तर सव्वा तास. त्याच तासाभरात दुसरं कोणी मायक्रोवेव्ह लावतं, तिसरं केस वाळवतं. सकाळी सात ते नऊ ही ब्रेकर पडण्याची हक्काची वेळ असते ती यामुळे.

यावरचा पहिला उपाय फुकट आहे. गिझरचा विजेचा स्विच बंद करा आणि तो गॅसवर चालवा. या स्विचची जागा मात्र नीट शोधावी लागते. काही गाड्यांत तो आतल्या कंट्रोल पॅनेलवर असतो, काहींत बाहेर गिझरच्या झाकणाआड, आणि काहींत दोन्हीकडे. टाकीत पाणी आहे याची खात्री होईपर्यंत तो चालू करायचा नाही, हे वेगळं सांगायला हवं: कोरड्या टाकीत एलिमेंट पाहता पाहता जळतो, आणि हिवाळ्यानंतर पहिल्यांदा गाडी उघडताना हे हमखास घडतं. फ्रिजही 'ऑटो'वरून गॅसवर घेता येतो. तेवढ्याने 15 अँपियर निघाले, म्हणजे अख्खं एक सॉकेट मोकळं झालं.

बाकीच्या वस्तूंचे आकडे लक्षात राहण्याजोगे आहेत, कारण ते जवळपास सारखेच आहेत. खोलीत ठेवायचा 1,500 वॅटचा हीटर साडेबारा अँपियर. मायक्रोवेव्ह तेवढाच किंवा थोडा कमी. हेअर ड्रायर बारा ते पंधरा. विजेची किटली बारा. कॉफी मेकर सात-आठ. 13,500 बीटीयूचा छतावरचा एसी चालताना बारा ते चौदा, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. 15 अँपियरवर यातली एकच वस्तू एका वेळी चालते. एसीचं तर उन्हाळ्यात तेही नक्की नाही. सॉफ्ट स्टार्टर (सुरू होतानाचा करंटचा झटका कमी करणारं उपकरण) बसवला की एसी सुरू होतो हे खरं आहे, पण सुरू झाल्यावर तो जे बारा-चौदा अँपियर घेत राहतो त्यात फारसा फरक पडत नाही.

230 व्होल्टच्या कॅराव्हॅनला ही अडचण बरीच सौम्य असते. निळ्या प्लगची 16 अँपियरची लाइन 3,680 वॅट देते, 10 अँपियरची 2,300. तरी किटली, हीटर आणि गिझर एकत्र आले की तिथेही तोच प्रसंग.

एक गोष्ट गाडीबाहेरही बघा. ज्या सॉकेटमधून केबल निघते त्याच ब्रेकरवर घरातलं आणखी काय आहे? ब्रेकर बंद करून घरभर फिरून या. गॅरेजमधला फ्रीझर, गॅरेजच्या दाराची मोटर, बागेतला पंप यांतलं काहीतरी बंद पडलेलं सापडण्याची शक्यता बरीच असते. फ्रीझरचा कॉम्प्रेसर सुरू झाला की आरव्हीतला हीटर बंद होतो, आणि या दोघांचा काही संबंध असेल हे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

केबल

गाडी अंगणाच्या टोकाला उभी, सॉकेट दुसऱ्या टोकाला, मध्ये बागकामाची नारिंगी एक्स्टेन्शन. ती बहुधा 16 गेजची असते (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा). 16 गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध 1,000 फुटांना सुमारे 4 ओहम. 50 फुटांच्या केबलमध्ये वीज जाऊन-येऊन 100 फूट धावते, म्हणजे 0.4 ओहम. 12 अँपियरला तिथे जवळपास 5 व्होल्ट खर्ची पडतात आणि 58 वॅटची उष्णता केबलमध्येच तयार होते. 100 फुटांच्या केबलला हे दुप्पट: साडेनऊ व्होल्टहून जास्त घट. घरातच 114 व्होल्ट असतील तर गाडीत पोचेपर्यंत 104 उरतात, आणि सर्ज प्रोटेक्टर नेमका तिथे हात वर करतो.

हीटर, किटली यांना कमी व्होल्टेजचं फारसं वाईट वाटत नाही, ते कमी तापतात इतकंच. एसीच्या कॉम्प्रेसरचं तसं नाही. व्होल्टेज घसरलं की तो जास्त करंट ओढतो, त्याने व्होल्टेज आणखी घसरतं, मोटर तापते. सर्ज प्रोटेक्टर नसलेल्या गाडीत हे असंच चालू राहतं आणि एका उन्हाळ्यात कॉम्प्रेसर जातो.

जाड केबल घ्या. 15-20 अँपियरसाठी 12 गेज, लांब पल्ल्याला 10 गेज. आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे दुकानात उभं राहिल्यावर हमखास उलटं आठवतं. एकच अखंड केबल असावी. दोन केबल जोडून नकोत, आणि उरलेली केबल गुंडाळी करून ठेवायची नाही, कारण गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही.

केबल जाड असूनही घट येत असेल तर सॉकेट बघा. जुन्या सॉकेटमधल्या पट्ट्या सैल पडतात आणि सगळी उष्णता तिथेच निघते. सॉकेटचं तोंड तपकिरी झालंय, प्लगची पिन काळवंडली आहे, अडॅप्टरचं रबर मऊ पडलंय: यातलं काहीही दिसलं तर ते सॉकेट आणि तो अडॅप्टर दोन्ही बदलायचे. नुसता अडॅप्टर बदलला की नवाही तसाच जळतो. हे असं जळताना ब्रेकर पडतोच असं नाही, म्हणून ते हाताने आणि डोळ्यांनीच शोधावं लागतं. रात्रभर एक्स्टेन्शनवर खोलीतला हीटर लावून पाहुण्यांना झोपवणं मला या एका कारणासाठी मुळीच पटत नाही.

जीएफसीआय पडत असेल तर

इथे लोडचा विचार डोक्यातून काढून टाका. जीएफसीआय एकच गोष्ट मोजतो: फेजमधून जितका करंट गेला तितका न्यूट्रलमधून परत आला का? 4 ते 6 मिलिअँपियरचा फरक दिसला की तो तोडतो. 230 व्होल्टच्या घरांतला आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपियरला तोडतो, म्हणून तिथे किरकोळ लीकेज खपून जातं.

आरव्हीतल्या प्रत्येक उपकरणातून थोडंसं गळत असतंच. कन्व्हर्टरचा फिल्टर, सर्ज प्रोटेक्टर, जुना एलिमेंट, पाऊस प्यायलेलं बाहेरचं सॉकेट, सगळ्यांची बेरीज 5 मिलिअँपियरच्या आसपास पोचली की लोक म्हणतात, "उगाचच पडतो." उगाच नसतं ते.

शोध असा घ्या. आरव्हीचे सगळे ब्रेकर मेनसकट बंद करा आणि केबल गाडीपासून काढा. नुसती केबल सॉकेटला लावून जीएफसीआय पडला तर केबल ओली किंवा चिरलेली आहे. नाही पडला तर ती गाडीला जोडा, ब्रेकर अजून बंदच. आता पडला, तर बहुतेक जण चक्रावतात: सगळं बंद असताना पडतो कसा? कारण आरव्हीतले ब्रेकर सहसा फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आत कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना टेकले असतील तर ब्रेकर बंद ठेवून काही उपयोग होत नाही. आरव्हीत या दोन तारा वेगळ्या राहिल्याच पाहिजेत. त्यांची गाठ फक्त घराच्या मुख्य पॅनेलपाशी पडते. मागाहून कोणी सॉकेट बदललं, इन्व्हर्टर बसवला, पॅनेलमध्ये तार चुकीच्या पट्टीला लावली, तर हे घडतं. बदल कुठे झालेत ते आठवून तिथून सुरुवात करा. गाडीच्या भिंतीत जिथून केबल आत जाते ते इनलेटही उघडून बघा. तिथे हिरवट गंज आणि ओल असते.

इथवर पडला नाही तर मेन चालू करा, मग एकेक ब्रेकर, प्रत्येकानंतर थोडं थांबून. गिझरचा किंवा फ्रिजचा ब्रेकर चालू केल्यावर पडला तर एलिमेंटवर संशय घ्या, त्यातही गिझरच्या आधी. केबल भिंतीतून काढून, एलिमेंटच्या दोन्ही तारा सोडवून मल्टीमीटर लावा. 1,440 वॅटच्या एलिमेंटचा रोध दोन टोकांमध्ये 10 ओहमच्या आसपास यायला हवा. एखादं टोक आणि टाकीची धातूची बॉडी यांच्यात मात्र काहीही दिसता कामा नये. तिथे आकडा आला तर एलिमेंटचं आवरण तडकलंय. असा एलिमेंट पाणी गरम करत राहतो, म्हणूनच त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही. फ्रिजच्या एलिमेंटचीही तीच चाचणी. त्याचा रोध 40-50 ओहमच्या घरात असतो.

जीएफसीआय नसलेल्या दुसऱ्या सॉकेटला केबल लावा, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चालतोही, म्हणजे लाइट जायची थांबते. लीकेज तसंच राहतं. आता त्यात अर्थिंगची तार तुटलेली असली, किंवा अर्थिंगची पिन कापलेला अडॅप्टर मध्ये आला, की तो करंट गाडीच्या धातूच्या बॉडीवर येऊन बसतो. आत असलेल्याला काही जाणवत नाही. पायरीवरून ओल्या जमिनीवर अनवाणी उतरून दाराची मूठ धरणाऱ्याला जाणवतं, आणि पाहुण्यांत ते बहुधा पोर असतं. "दाराला हात लावला की मुंग्या येतात," असं कोणी म्हणालं तर त्याच क्षणी घरच्या पॅनेलमधून वीज बंद करा आणि केबल काढा. न टेकवता वीज ओळखणारा पेनसारखा टेस्टर गाडीच्या बॉडीजवळ नेला आणि तो वाजला, तरी हेच. या दोषावर माणसं झोपलेली असताना प्रयोग करायचे नाहीत. त्या रात्री त्यांना घरात झोपवा.

कायमचा उपाय, आणि त्यातला एक सापळा

वर्षातून एकदा दोन रात्रींसाठी कोणी येत असेल तर गिझर-फ्रिज गॅसवर, जाड केबल आणि पाहुण्यांना एक सूचना एवढ्यावर भागतं. लोक वरचेवर राहत असतील, किंवा एसी लागणार असेल, तर गाडीसाठी पॅनेलपासून वेगळी लाइन ओढून घ्या. 30 अँपियरची लाइन म्हणजे 3,600 वॅट, त्यासाठी 10 गेजची तांब्याची तार आणि 30 अँपियरचा एकेरी ब्रेकर.

सापळा असा की आरव्हीचं 30 अँपियरचं सॉकेट दिसायला कपडे वाळवायच्या ड्रायरच्या जुन्या सॉकेटसारखं असतं. ड्रायरचं 240 व्होल्टचं, आरव्हीचं 120 व्होल्टचं. घरगुती कामाची सवय असलेला चांगला इलेक्ट्रिशियनसुद्धा सवयीने जोड-ब्रेकर लावून 240 जोडून जातो. पहिल्यांदा प्लग लावला की मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर, फ्रिजचं बोर्ड सगळं एका सेकंदात खलास. म्हणून काम सांगतानाच "120 व्होल्ट, तीन तारांचं, आरव्हीचं सॉकेट" असं लिहून द्या, आणि गाडी जोडायच्या आधी मल्टीमीटरने स्वतः मोजा. 50 अँपियरच्या गाडीचं सॉकेट चार तारांचं असतं. तिथे दोन फेजमध्ये 240 येणं बरोबर आहे. फेज आणि न्यूट्रलमध्ये मात्र 120 च हवेत.

लाइन होईपर्यंत पाहुण्यांसाठी मायक्रोवेव्हवर एक कागद चिकटवा. त्यात वायरिंगचं शिक्षण नको. मायक्रोवेव्ह, किटली, हेअर ड्रायर, हीटर यांतलं एका वेळी एकच. घड्याळ बंद दिसलं तर फोन करा, मध्यरात्र असली तरी. थंडी वाजली तर गॅसची शेगडी पेटवून ऊब घ्यायची नाही: बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. हे शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरांत लिहा, आणि पाहुणे यायच्या आधी कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मच्या मागे छापलेली मुदत बघा. उभ्या गाडीतले हे अलार्म बहुधा गाडीबरोबरच आलेले असतात आणि त्यांची मुदत कधीच उलटून गेलेली असते.

नवी लाइन आली की ती रिकाम्या गाडीवर तपासून उपयोग नाही. गिझर विजेवर घ्या, एसी लावा आणि त्या वेळी गाडीतल्या सॉकेटमध्ये व्होल्टेज मोजा. लोड नसताना जे होतं त्यापेक्षा चार-पाच व्होल्ट कमी दिसले तर ठीक, दहा दिसले तर तार बारीक आहे किंवा कुठेतरी जोड सैल आहे. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल. गरम असेल तर इलेक्ट्रिशियन गेट ओलांडायच्या आत त्याला हाक मारा.